कागदावर न उतरलेली खूण

आमची ताई जनावरांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. कुत्री, मांजरं, ससे, कधीमधी एखादा पोपट. डॉक्टर तपासतात, वॉर्डमधले दादा सलाईन लावतात आणि ताई फॉर्म भरून घेते. "फॉर्म भरून घेते" असं म्हटलेलं तिला खपत नाही, कारण तो फॉर्म तिने स्वतः बनवलेला आहे.

फॉर्म हा तिचा जुना नाद. तरुणपणी ती टायपिंगच्या ऑफिसात होती आणि ठिपक्यांच्या ओळी तिच्याइतक्या सरळ कोणाच्या यायच्या नाहीत. घरी पाहुणे यायचे म्हटलं तरी ती कागदावर रकाने आखते: कोण, कधी, किती दिवस, उशी लागते का. एकदा मी तिला म्हटलं, "ताई, लग्नाला होकार देण्याआधी भावजींकडून एक फॉर्म भरून घ्यायला हवा होतास." ती हसली. म्हणाली, "घेतला असता गं, पण महत्त्वाचा रकाना त्यांनी कोराच सोडला असता." भावजी सहा वर्षांत घर सोडून गेले, आणि तेव्हापासून आम्ही दोघी बहिणी दोन खोल्यांत राहतो. मी घरीच शिवणकाम करते. शाळांचे गणवेश, पडदे, काय येईल ते.

कॉम्प्युटर ती चाळिशी उलटल्यावर शिकली. दवाखान्यात तेव्हा झेरॉक्सची झेरॉक्स काढलेला एक तिरका फॉर्म चालायचा. ताईने तो मोडीत काढला आणि पडद्यावर भरायचा नवा फॉर्म तयार केला. काउंटरवर तिने विचारायचं, मालकांनी सांगायचं, तिने चौकटीत टाइप करायचं. मग एक पान छापायचं, त्यावर मालकांची सही घ्यायची आणि ते पान प्राण्याच्या पिंजऱ्याला क्लिपने लावायचं. मूळ भरलेला फॉर्म कॉम्प्युटरमध्ये राहतो. वॉर्डमध्ये मात्र सगळे वाचतात ते पिंजऱ्यावरचं पान.

एकदा एका बाईंची मांजर ऑपरेशनसाठी ठेवली होती. दुसऱ्याच कोणाच्या कुत्र्याला भेटायला आलेल्या माणसाने पिंजऱ्यावरच्या पानावरून त्या बाईंचा नंबर उतरवून घेतला आणि त्यांना नको नको ते फोन करायला लागला. बाई रडकुंडीला येऊन दवाखान्यात आल्या. डॉक्टरांनी ताईला बोलावलं. "पडद्यावर सगळं असू दे," त्या म्हणाल्या, "पण कागदावर नंबर-पत्ता येता कामा नये. जमेल?"

न जमायला काय झालं. प्रत्येक चौकटीची एक सेटिंग असते आणि तिथे चार पर्याय येतात. दिसेल आणि छापली जाईल. दिसणारच नाही. दिसेल, पण छापली जाणार नाही. आणि चौथा उफराटा, पडद्यावर दिसणार नाही पण कागदावर उमटेल. ताईला हा चौथा पर्याय कोणाच्या डोक्यातून आला असेल याचं नेहमी नवल वाटायचं. तिने माउसने एक मोठा चौकोन ओढला, त्यात फोन, दुसरा फोन, पत्ता अशा सगळ्या चौकटी एकदम पकडल्या आणि तिसरा पर्याय निवडला. मग चाचणीसाठी माझ्या नावाने एक लठ्ठ बोका दाखल केला. वजन अकरा किलो, स्वभाव चिडका, आवडता उद्योग: बहिणीच्या चुका काढणे. पान छापलं. नंबर कोरा, पत्ता कोरा. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. घरी आल्यावर तिने मला तो बोका दाखवला आणि आम्ही पोट धरून हसलो.

फोनच्या चौकटीच्या बरोबर खाली एक छोटी चौकट होती. शेजारी वाक्य होतं, 'शेवटची वेळ आली तर मला आधी बोलवा, मला जवळ थांबायचं आहे.' ज्यांना हवं त्यांनी तिथे खूण करायची. काही जणांना ते शेवटचं इंजेक्शन बघवत नाही, त्यांना आधी फोन केलेला चालत नाही. म्हणून तर ती चौकट ठेवली होती. ताईने ओढलेल्या चौकोनात तीही सापडली. बोक्याच्या फॉर्मवर ताईने तिथे खूण केलीच नव्हती, कारण बोका तिला मारायचा नव्हता. त्यामुळे छापलेल्या पानावर ती जागा रिकामी दिसली, आणि रिकामीच असायला हवी होती.

या गोष्टीला सात आठवडे झाले.

दवाखान्यापासून आठ मिनिटांवर, कोपऱ्याला एका म्हाताऱ्या काकांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. काका एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि सोबतीला होता बोबड्या, त्यांचा कुत्रा. त्याचं भुंकणं अर्ध्यातच तुटायचं, पुढे काही म्हणायचंय पण शब्द सुचत नाही असं, म्हणून बोबड्या. चौदा वर्षांचा झाला होता. त्याच्या किडन्या निकामी होत आल्या होत्या आणि एका सोमवारी सकाळी काका त्याला कवेत घेऊन दवाखान्यात आले.

ताईने त्यांना एकेक प्रश्न वाचून दाखवला, कारण चष्मा ते दुकानात विसरून आले होते. त्या चौकटीपाशी आल्यावर तिने आवाज खाली आणला. "काका, वाईट वेळ आलीच, तर तुम्हाला आधी बोलवायचं का?"

"म्हणजे काय, बोलवायचंच," काका म्हणाले. "त्याला सुईची भीती वाटते. मी मानेला हात लावला की गप्प होतो तो."

"मग मी इथे खूण करते."

"मी करतो." त्यांनी ऑइलने काळं झालेलं बोट आधी पँटला पुसलं, मग माउस दाबला. पडद्यावर खूण उमटली. ताईने पान छापलं, काकांनी न वाचताच सही केली. वाचलं असतं तरी चष्म्यावाचून दिसलं नसतं.

बुधवारी ताईने अर्धा दिवस रजा घेतली होती, दाढ काढायला. ती समोर असती तर तिला आठवलं असतं, हे ती आजही म्हणते. अकराच्या सुमारास बोबड्याला झटके सुरू झाले. थांबेनात. डॉक्टरांनी औषधं देऊन पाहिली, शेवटी म्हणाल्या, "त्याचे हाल होतायत. मालकांना बोलवायचं लिहिलंय का?" दादांनी पिंजऱ्याची क्लिप काढली, पान वाचलं. वेदना असह्य झाल्या तर सोडवण्याची परवानगी होती, खाली सही होती. बोलवण्याच्या वाक्यापुढे काहीच नव्हतं.

"नाही डॉक्टर," दादा म्हणाले. "खूण नाहीये."

काका दोन वाजता दुकान बंद करून आले. ताईही तेवढ्यात दाताच्या डॉक्टरांकडून परतली होती, अर्धा गाल बधिर. डॉक्टर स्वतः बाहेर आल्या, काकांना खुर्ची दिली आणि सांगितलं. काका बसले नाहीत.

"मला बोलावलं का नाही?"

डॉक्टरांनी पान पुढे केलं. "काका, तुम्ही इथे खूण केलेली नाही."

"केली होती. या बाईंसमोर केली."

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. तिला तो सोमवार लख्ख आठवत होता, ते पँटला पुसलेलं बोटसुद्धा. तिने हो म्हणायला हवं होतं. पण समोर कागद होता, कागद कोरा होता आणि तिचाही स्वतःवर क्षणभर विश्वास बसेना. "मला… मला बघावं लागेल," ती म्हणाली. गाल बधिर होता, म्हणून शब्द नीट फुटले नाहीत असं तिने मला सांगितलं. मग लगेच म्हणाली, "नाही, गालाचं नुसतं निमित्त."

काकांनी आज चष्मा आणला होता. तो लावून त्यांनी पान बराच वेळ पाहिलं. "ही माझीच सही," ते म्हणाले. "म्हणजे मी विसरलो असेन. मला वाटलं, केली." त्यांचा आवाज एकदम लहान झाला. मग त्यांनी दादांना विचारलं, "मान कोणी धरली होती त्याची?"

"मी, काका."

"बरं केलंत," म्हणाले आणि गेले.

ते गेल्यावर ताईने कॉम्प्युटरमध्ये त्यांचा फॉर्म उघडला. पडद्यावर खूण होती, ठसठशीत. तिने पान छापलं. कागदावर नव्हती. तिने चौकटीची सेटिंग उघडली: दिसेल, पण छापली जाणार नाही. दोन क्लिकमध्ये तिने ते दुरुस्त केलं आणि मग सात आठवड्यांतले सगळे फॉर्म एकेक करून तपासले. एकोणीस जणांनी ती खूण केली होती. अठरा प्राणी बरे होऊन घरी गेले होते.

संध्याकाळी तिने मला सगळं सांगितलं. मी विचारलं, "दवाखान्यात कोणाला कळलंय का?"

"नाही."

"मग गप्प बस."

हे मी म्हटलं होतं, ते लपवून उपयोग नाही. वर आणखीही बोलले. बावन्नाव्या वर्षी तुला दुसरीकडे कोण ठेवून घेणार, कुत्रा तसाही जगणार नव्हता, सांगून तो परत येणार आहे का, वगैरे. समजुतीच्या गोष्टी सांगाव्या तशा सांगितल्या. ताईने ऐकून घेतलं. तिला तेच ऐकायचं होतं असं मला तेव्हा वाटलं.

पण दवाखान्यात जायचा तिचा रस्ता सायकलच्या दुकानावरून होता, तो तिने सोडला आणि लाँड्रीच्या बाजूने वळसा घालून जाऊ लागली. वीस मिनिटं जास्त. कोणी फॉर्मचं कौतुक केलं की तिचा चेहरा पडायचा. मी शिवत असले की येऊन मशीनपाशी बसायची आणि मधेच म्हणायची, "त्यांना वाटतंय, ते विसरले."

"विसरतील हळूहळू ते सगळंच," मी म्हटलं.

"तेच तर. त्यांना आता वाटतंय की ते विसरतात."

मला त्यातला फरक तेव्हा कळला नाही. कळला तो तिसऱ्या आठवड्यात. माझ्या सायकलचा मागचा ब्रेक लागेना, म्हणून मी काकांच्या दुकानात गेले. आत पाऊल टाकलं आणि थबकलेच. भिंतभर कागद चिकटवलेले, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. 'नट आवळले का?' 'मागचा ब्रेक पुन्हा बघ.' 'कुलूप लावलं का?' 'गोळी – दुपारी.' काकांनी माझा ब्रेक दुरुस्त केला, चाक फिरवून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मी हँडल धरलं तर म्हणाले, "थांबा जरा," आणि तिसऱ्यांदा पाहिलं. मी कोणाची बहीण आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"पुढच्या वेळी दुसरीकडे जा," ते म्हणाले. "या महिनाअखेरीला दुकान बंद करतोय."

"का हो काका? तब्येत?"

"तब्येतीला काय धाड भरलीय. डोकं चालेनासं झालंय." ते फडक्याने हात पुसत राहिले. "चौदा वर्षं जो पायाशी बसला त्याच्यासाठी एक खूण करायची होती, तेवढीही माझ्याच्याने झाली नाही. आणि मला अजून वाटतं, केली होती! असा माणूस ब्रेकला हात कसा लावणार? उद्या कोणाचा नट ढिला राहिला तर?"

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, पण मीच ताईच्या तोंडाला कुलूप घातलं होतं. सायकल हातात धरून चालत घरी आले. ब्रेक उत्तम लागत होता, बसायचा धीर होईना.

ताई जेवत होती. मी भिंतीवरचे कागद, महिनाअखेर, सगळं एका दमात सांगितलं. तिने ताट सरकवलं. म्हणाली, "उद्या सकाळी तू चल माझ्याबरोबर. मला एकटीला पळून यावंसं वाटेल."

सकाळी आम्ही आधी दवाखान्यात गेलो. तिने काकांचा फॉर्म छापला, या वेळी खुणेसकट. मी म्हटलं, "आधी डॉक्टरांना सांगू या का?" ती म्हणाली, "आधी त्यांना." दुकान नुकतंच उघडलं होतं. काका एक चाक मांडीवर घेऊन तारा तपासत होते. ताईला पाहून त्यांनी ओळखल्यासारखी मान हलवली.

"काका," ताई म्हणाली, "तुम्ही खूण केली होती. तुम्ही विसरला नव्हता. चूक माझी होती." आणि तिने न थांबता सांगितलं, नंबर लपवायचा होता ते, चौकोन ओढला ते, चाचणी अर्धवट घेतली ते. स्वतःचा बचाव होईल असं काही आलं की ती अडखळायची आणि ते सोडून पुढे जायची. शेवटी तिने पान पुढे केलं.

काकांनी चाक बाजूला ठेवलं, चष्मा लावला. खुणेवरून अंगठा फिरवला. कागदावर काळा डाग पडला.

"ही मी केलेली?"

"हो. तुम्ही स्वतः."

"तुम्हाला कधी कळलं?"

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. "त्याच दिवशी. तुम्ही गेल्यावर लगेच."

काका बोटांवर मोजत होते. "बावीस दिवस," ते म्हणाले.

"मी घाबरले, काका."

"मी सांगितलं होतं तिला गप्प राहायला," मी मधे बोलले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ब्रेकवाली म्हणून ओळखलं, आणि पुन्हा ताईकडे वळले. माझा तिथे काही संबंध नव्हता.

"हात चुकतो," ते सावकाश म्हणाले. "माझाही चुकलाय. चूक झाली असं तेव्हाच म्हणाला असतात, तर मी चिडलो असतो, ओरडलो असतो आणि घरी गेलो असतो. पण बाई, मी बावीस दिवस इथे बसून त्याची माफी मागतोय. तो वाट बघत असेल आणि मी विसरलो म्हणून."

ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती ते पुसत नव्हती. "ती माफी मी मागायला हवी होती."

"मग मागा. पण माझ्याकडे नका मागू." त्यांनी चाक परत मांडीवर घेतलं. पान मात्र परत दिलं नाही, घडी करून खिशात ठेवलं. "जा आता. गिऱ्हाईकं येतील."

तिथून ताई थेट डॉक्टरांच्या खोलीत गेली. डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावून बसल्या. "तुम्ही मला हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "नाही, तसं नाही." त्यांनी ताईला कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर सोपं गेलं असतं, असं ताई म्हणते. त्यांनी काकांना दवाखान्याच्या कागदावर सहीनिशी पत्र लिहिलं आणि दादांना आत बोलावून सांगितलं. ताईला वाटलं, दादांच्या डोक्यावरचं ओझं तरी उतरेल. त्यांनी वाचलं ते बरोबरच वाचलं होतं. दादा स्टुलावर बसले. म्हणाले, "कागदाचं सोडा हो. दुकान आठ मिनिटांवर होतं. मला ठाऊक होतं ते किती जीव लावायचे. मी नुसतं विचारायला हवं होतं." आपली चूक सांगून टाकली की ती आपल्यापुरती राहील असं ताईला वाटलं होतं.

दुकान बंद झालं नाही. भिंतीवरचे कागद उतरले. गोळीचा तेवढा राहिला. ताईने लाँड्रीचा वळसा सोडला आणि रोज दुकानावरूनच जाऊ लागली. काका मान वर करत नाहीत. ती थांबत नाही, पण चालही वाढवत नाही. मी म्हटलं, "कशाला स्वतःला जाळतेस रोज?" तर म्हणाली, "रस्ता तोच आहे, दुसरीकडून कशाला जाऊ?" सांगितलं की मन हलकं होतं म्हणतात. ताईचं काही झालं नाही. आता ती फॉर्ममध्ये काडीचाही बदल केला तरी आधी एकूण एक चौकट भरते, एकूण एक खूण करते आणि छापलेलं पान पडद्याशेजारी धरून ओळ न् ओळ ताडून पाहते. त्यात तिची दुपारची सुट्टी जाते. चाचणीच्या फॉर्मवर आता माझं नाव नसतं, बोकाही नसतो.

सात-आठ महिन्यांनी एक तरुण बाई सशाला टोपलीत घालून काउंटरवर आली. फॉर्म भरून झाला, ताईने पान छापून सहीसाठी पुढे केलं. बाईने पेन घेतलं नाही.

"आधी वाचते हं," ती म्हणाली. "आमच्या खालच्या सायकलवाल्या काकांनी बजावलंय. म्हणाले, दवाखाना चांगला आहे, बिनधास्त जा. पण कागद छापून आला की पडद्याशी जुळवून बघ, मगच सही कर."

"बरोबर सांगितलंय त्यांनी," ताई म्हणाली. तिने पडदा बाईकडे वळवला आणि खुर्ची पुढे सरकवली.

बाई बसली. एक बोट पडद्यावर, एक कागदावर, असं ओळीओळीने वाचायला लागली. मागे एक गृहस्थ कुत्र्याला आवरत उभे होते, त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा मोठ्याने खाकरले. ताईने त्यांना हाताने थांबायची खूण केली.

घरी येऊन तिने हे मला सांगितलं तेव्हा मी विचारलं, "राग नाही आला?"

"कसला राग? दवाखाना चांगला आहे म्हणाले ना ते," ती म्हणाली. मग माझ्या मशीनपाशी पडलेले दोरे गोळा करत राहिली. "पाच मिनिटं लागली तिला वाचायला. मी घाई केली नाही."